सहावं बोट आणि दिवेलागणीचं चाचपडणं

बाळाच्या करंगळीशेजारी सहावं बोट दिसलं की घरात कुणीतरी म्हणतंच, 'पोर भाग्यवान आहे!' बहुतेक मुलांत ते निरुपद्रवीच असतं. क्वचित मात्र ती बार्डेट-बीडल सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजाराची पहिली खूण असते. अशा बाळाचं वजन वर्षभरातच भराभर वाढू लागतं. सात-आठ वर्षांचं झालं की ते दिवेलागणीला चाचपडतं, दारातली स्वतःची चप्पलही त्याला सापडत नाही. हा रातांधळेपणा 'अ' जीवनसत्त्वाच्या डोसाने जात नाही, कारण इथे डोळ्याचा पडदाच झिजत असतो. मला जास्त काळजी वाटते ती मूत्रपिंडांची. तिथला बिघाड गुपचूप वाढतो.

आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. नात्यातल्या लग्नांत दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. एकट्या आईला बोल लावू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्या-शाळांत मुलांना तपासतात. गाव कुठलंही असो, पथक आलं की बोटाबरोबर संध्याकाळचं चाचपडणंही सांगा, आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करायची का, हे नक्की विचारा.