भरवशाच्या सिमला टोणगा

आजचा भाग अकोल्यातून रेकॉर्ड करतोय. विदर्भातलं अकोला नाही, आमचं अकोले, प्रवरेकाठचं. दर वेळी सांगावं लागतं, काय करणार.

विषय थोडा कोरडा वाटेल: धंद्याचा फोन बंद पडला तर पुढं काय? पण आधी एक गोष्ट ऐका.

माझ्या मामाचा भंडारदऱ्याच्या बॅकवॉटरला तंबूंचा धंदा आहे. काजव्यांचा सीझन म्हणजे मे संपता संपता ते जूनमध्ये पाऊस जोर धरेपर्यंत. वर्षाची निम्मी कमाई त्या तीन-चार शनिवार-रविवारांत. अशाच एका शनिवारी वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं, लाइट गेली. (शेजारी घाटघरला २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, पण लाइट जायची ती जातेच.) तासा-दोन तासांत टॉवरही गेला. मामाकडं दोन कंपन्यांची दोन सिमं. दोन्ही एकाच मोबाइलमध्ये.

त्याच वेळी पुण्याहून एक कुटुंब येत होतं, बरोबर चार वर्षांची मुलगी. राजूरला थांबून त्यांनी फोन लावला, पुढं कोणत्या फाट्यानं वळायचं ते विचारायला. ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर.’ दुसरा नंबर, तेच. मग मॅपच्या भरवशावर निघाले, धरणाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर भलतीकडंच गेले आणि पडलेल्या झाडापाशी अडकले. रात्री एकला एका दूधगाडीवाल्यानं त्यांना आणून सोडलं. मुलगी रडून रडून झोपली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिव्ह्यू लिहिला: ‘पैसे घेतात आणि फोन बंद ठेवतात.’ मामाला फार लागलं. पण त्यांच्या बाजूनं बघा, खोटं काय होतं त्यात?

मामाचं म्हणणं, ‘अरे, म्हणून तर दोन कंपन्यांची सिमं घेतली!’ गोम इथंच आहे. कंपन्या दोन असल्या तरी बऱ्याचदा त्यांचे अँटेना एकाच टॉवरवर लटकलेले असतात. बॅटऱ्या त्याच, जनरेटर तोच. म्हणजे नावं दोन, खांब एक. त्यात दोन्ही सिमं एकाच हँडसेटमध्ये. चार्जिंग संपलं की दोन्ही गार. शिवाय बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर बोलत असलात की दुसरं सिम तेवढा वेळ लागतच नाही. बॅकअप म्हणजे ‘आणखी एक’ नव्हे. पहिला ज्या कारणानं पडेल, त्याच कारणानं दुसरा पडता कामा नये. जागा वेगळी, वीज वेगळी, कंपनी वेगळी, आणि उचलणारा माणूसही वेगळा.

मग आम्ही काय केलं? खर्च जवळजवळ शून्य. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ असतं. त्यात चार पर्याय: कायम, बिझी असताना, उचलला नाही तर, आणि संपर्क होत नसेल तर. पहिल्याला हात लावायचा नाही. बाकी तिन्हींत अकोल्यातल्या माझ्या मावसबहिणीचा नंबर टाकला. हे काम फोन करत नाही, कंपनीचं नेटवर्क करतं. त्यामुळं मामाचा फोन धरणात पडला तरी कॉल वळतो. आणि टॉवर परत आला की कॉल आपोआप मामाकडं; काही बंद-चालू करावं लागत नाही. ‘उचलला नाही तर’मध्ये वीसेक सेकंद ठेवा. पाच ठेवलेत तर खिशातून फोन काढेपर्यंत कॉल बहिणीकडं!

एक सावधगिरी. कुणी फोन करून ‘स्टार ४०१ दाबून अमुक नंबर लावा’ म्हणालं तर दाबू नका. तेही कॉल फॉरवर्डिंगच, पण चोराच्या नंबरवर. मग तुमचे ओटीपीचे कॉल तो ऐकतो.

ज्यांचं ऑफिस मोठं आहे, म्हणजे दवाखाना, पतसंस्था, इंटरनेटवरून चालणारे फोन, त्यांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी आणि एक बंद पडली की दुसरीवर जाणारा राउटर घ्यावा. पण विजेचं विसरू नका. जुन्या तांब्याच्या तारेच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, म्हणून लाइट गेली तरी ती वाजायची. फायबरच्या डब्याला आणि राउटरला तुमचीच वीज लागते. त्यांना छोटा यूपीएस नसेल तर दोन लाइनींचा उपयोग शून्य.

हीच रचना सरकारनंही केलीय. ११२ फिरवलंत की कॉल घेणारं राज्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरं थेट नागपुरात. दुसरं ठाण्यात का नाही? कारण जो पाऊस नवी मुंबई बुडवेल तो ठाण्यालाही सोडणार नाही. आणि हे लक्षात ठेवा: तुमच्या सिमला रेंज नसली, पण तिथं दुसऱ्या कुठल्याही कंपनीची रेंज असली, तरी ११२ लागू शकतो.

आता आमची फजिती. सगळं लावलं, पुढच्याच शनिवारी टॉवर गेला, कॉल बरोब्बर बहिणीकडं गेला. समोरचा विचारतो, ‘आमचं बुकिंग आहे ना?’ बुकिंगची वही मामाच्या तंबूत! बहीण काय सांगणार, कप्पाळ? फोनची सोय केली, माहितीची राहिली. तेव्हापासून रोज दुपारी चारला वहीच्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर पडतो, सोबत रस्त्याच्या खुणा: कोणता फाटा, कुठलं देऊळ, कुठून डावीकडं. व्हॉट्सॲपही बहिणीच्या लॅपटॉपला जोडलंय. मामाचा फोन बंद असला तरी ते चालतं, फक्त फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर तुटतं.

आणि चाचणी. दर महिन्याच्या एक तारखेला मामा फोन फ्लाइट मोडमध्ये टाकतो, मी बाहेरून कॉल लावतो. खऱ्या वेळी थोडा जास्त वेळ लागेल, कारण फ्लाइट मोडमध्ये जाताना फोन नेटवर्कला सांगून जातो आणि टॉवर पडतो तो न सांगता; नेटवर्क आधी शोधतं, मग वळवतं. परवाच्या एक तारखेला कॉल वळलाच नाही. बहिणीनं नंबर बदलला होता, सेटिंगमध्ये जुनाच. मामानं मला झापलं, मी बहिणीला. नवा नंबर टाकला, पुन्हा लावला, दुसऱ्या रिंगला तिनं उचलला आणि म्हणाली, ‘नमस्कार, किती जण येणार?’