सुट्टीत मी शेती करतो

गेल्या शनिवारी गावाहून बाबांचा फोन आला. “काय चाललंय?” मी सवयीने “कोर्स करतोय” म्हणणार होतो. दोन वर्षं हेच सांगतोय. या वेळी खरं बोललो, “गेम खेळतोय बाबा. शेतीचा.”

गेम म्हणजे स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून तो २०१६ मध्ये आणला. कोड, चित्रं, संगीत, सगळं त्याचंच. त्यातला दिवस साधारण १४ मिनिटांचा. रात्री दोनपर्यंत गडी घरी जाऊन झोपला नाही, तर जागीच कोसळतो, वर खिशातले पैसेही जातात. (ऑन-कॉलच्या आठवड्यात मला दोनला कोण झोपवतं!) पण सुट्टीत दोन तास त्या पिकाला पाणी घातलं, की सोमवारी स्टँडअपला मी जरा माणसासारखा बोलतो. कोर्स तसाच पडलाय, ३० टक्क्यांवर.

बाबा चिडतील असं वाटलं. यंदा त्यांनी सोयाबीन पडत्या भावात विकलंय. थोडं थांबून त्यांनी विचारलं, “त्यात भाव पडतो का रे?”

“नाही, ठरलेला असतो.”

“मग खेळच आहे तो,” ते हसले. “पुढच्या वेळी आलास की दाखव मला.”