फ्रिजच्या दारावरचा भार



सिरसाळ्यात किंवा परळी तालुक्यातल्या कुठल्याही गावात मे महिन्याच्या दुपारी एखाद्याचा फ्रिज उघडून पाहा. आतल्या कप्प्यांत दुधाचं पातेलं, कालचं वरण, कोथिंबिरीची पिशवी, एवढंच. दारात मात्र मुंगीला शिरायला जागा नसते. एकाला एक लागून पाण्याच्या बाटल्या. शेतावरून माणूस आला, पाहुणा आला, शेजारची पोरं आली, की एक निघते आणि दुसरी भरून तिथेच बसते. फ्रिज म्हणजे उन्हाळाभर आपल्याकडे पाणी गार करायचं यंत्र, आणि ते सगळं पाणी दारात.

मग त्या दाराचं जे व्हायचं ते होतं. रॅकचा कोपरा तडकतो, तो तारेनं बांधला जातो. पुढे दारच उतरतं, म्हणजे कडेला खाली लोंबतं. रबर एका कोपऱ्यात टेकत नाही, तिथून गरम हवा आत जाते आणि मशीन बंद व्हायचं नाव घेत नाही. लाइटबिल वाढलं की आपण कंपनीला नाही तर व्होल्टेजला शिव्या देतो. दार मजबूत कसं करता येईल, याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. आज तोच करू.

आधी हे दार आहे काय ते पाहा. बाहेर रंगवलेला पातळ पत्रा, आत पांढऱ्या प्लास्टिकचं अस्तर आणि दोघांच्या मध्ये ओतून फुगवलेला फोम. पत्रा एकटा घेतला तर हातानं वाकेल, प्लास्टिक एकटं घेतलं तर लवेल. फोम दोघांना घट्ट चिकटून बसतो, म्हणून दार ताठ राहतं. म्हणजे फोम फक्त गारवा धरत नाही, दारही धरतो. तो कुठे पोकळ राहिला, तर तिथे दार कच्चं राहतं.

आता भार कुठे जातो? आपल्या जुन्या वाड्यांची दारं आठवा. दाराच्या कोपऱ्यातला खुंटा खालच्या दगडातल्या खळग्यात फिरायचा आणि सगळं वजन त्या दगडावर असायचं. फ्रिजचं दारही खालच्या पिनेवरच उभं असतं. वरच्या बिजागरीचं काम वेगळं, दार पुढे कलू नये म्हणून त्याला धरून ठेवणं. साधा हिशोब करू. दार साधारण 54 सेंटीमीटर रुंद, दोन बिजागऱ्यांत 108 सेंटीमीटर अंतर. दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या म्हणजे आठ किलो पाणी, त्यात दाराचं स्वतःचं वजन धरून सोळा किलो समजा. हे वजन दाराच्या मध्यावर धरलं तर वरच्या बिजागरीला त्याच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे चार किलोची ओढ बसते. हे चालण्यासारखं आहे. पण वीस किलोचं पोर बर्फासाठी खालच्या रॅकवर, पार कडेला पाय देऊन चढलं, की त्या ओढीत आणखी दहा किलोची भर पडते. बिजागरीचे स्क्रू नुसत्या पातळ पत्र्यात घुसवलेले असतील तर भोक हळूहळू रुंद होतं. फोम ओतायच्या आधीच तिथे जाड लोखंडी पट्टी बसवली, तर हा त्रास मुळातच उरत नाही. खर्च म्हणाल तर एका पट्टीचा.

आंतरराष्ट्रीय मानकात फ्रिजचं दार एक लाख वेळा उघडझाप करून तपासायला सांगितलं आहे. आकडा मोठा वाटतो. दिवसाला पन्नासदा दार उघडलं तर तो साडेपाच वर्षं पुरतो. पण उन्हाळ्यातल्या भरल्या घरात शंभरदा उघडलं, तर तीन वर्षंही नाही. आपण फ्रिज पंधरा वर्षं वापरायचा म्हणून घेतो, हे सांगायला नकोच.

रॅक फुटतो त्यात एक छुपा गुन्हेगार असतो: तेल. अस्तराचं प्लास्टिक पॉलिस्टायरीनच्या जातीचं असतं आणि ताण असलेल्या जागी तेल-तूप लागलं की त्याला बारीक तडे जातात. लिंबाच्या सालीतलं तेल तर पॉलिस्टायरीनला विरघळवतंच. सरबतासाठी अर्धं पिळलेलं लिंबू दारात उपडं ठेवायची आपली सवय, आणि लोणच्याच्या बरणीचा ओघळ. रॅक जिथे अडकतो त्या खाचेत तो ओघळ साचतो, वर बाटल्यांचा भार असतोच. कारखान्यात खाचेचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलाकार केले, तेल सोसणारं प्लास्टिक वापरलं, तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं घरच्या फडक्याचं.

दाराचा हा प्रश्न मुळातूनच बाजूला सारायचा एक प्रयत्न आपल्या शेजारीच झाला होता. 2008 साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, गोदरेजनं सहाशेवर बायकांना बोलावून एका छोट्या फ्रिजबद्दल त्यांची मतं घेतली. तोच पुढे ‘छोटूकूल’. आठ किलोच्या आत वजन, कॉम्प्रेसर नाही, बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा, आणि झाकण वरून उघडणारं. गार हवा जड असते. दार पुढून उघडलं की ती खाली सांडते, वरून उघडलं तर आतच राहते. बिजागरीवर बाटल्या लटकण्याचाही प्रश्न नाही. खेड्यात तो म्हणावा तसा रुजला नाही. माणसाला फ्रिज घेतला की तो उभा, दार असलेला, चारचौघांना दिसणारा हवा असतो, असं माझं आपलं मत. पण बायकांना विचारून दार ठरवायची ती पद्धत मोठ्या फ्रिजलाही लावायला हवी होती.

मात्र एका जागी दार मजबूत असून चालत नाही. जुन्या फ्रिजना बाहेरून बसणारी खटक्याची कडी असायची. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळता खेळता पोरं अडकून गुदमरली, म्हणून अमेरिकेनं 1956 साली कायदाच केला की दार आतून ढकलून उघडता आलं पाहिजे. त्यानंतर रबरातल्या चुंबकपट्टीनं कडीची जागा घेतली. भारतात गोदरेजनं पहिला फ्रिज काढला तो 1958 साली. आपल्याकडे मात्र कितीतरी फ्रिजच्या दाराला आजही किल्लीचं कुलूप असतं. ते लावलं, की चुंबक असून नसल्यासारखा.

ऊसतोडीला जाणारी घरं दसऱ्यानंतर पाच-सहा महिने बहुधा बंद असतात. त्यांनी जाण्याआधी फ्रिज बंद करून, आतून कोरडा पुसून, दार घडीच्या फडक्यानं किंचित उघडं ठेवावं, नाहीतर आत बुरशी धरते. घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं मागे राहणार असतील, तर रॅक आणि आतल्या जाळ्या मात्र काढू नयेत, पोराला आत बसायला जागाच होता कामा नये. आणि फ्रिज मेल्यावर त्याचं कपाट करून त्यात कपडे किंवा धान्य ठेवायचं असेल, तर आधी दाराचं रबर ओढून काढा आणि कुलपाची जीभ स्क्रू सोडून बाहेर घ्या. पेचकस घरात असला की दहा मिनिटांचं काम आहे.