बालवाचकांचा कौल



मुलांच्या पुस्तकांचे गुणदोष ठरविण्याचा अधिकार आपण प्रौढांनी परंपरेने स्वतःकडेच ठेवला आहे. अमेरिकेत उत्कृष्ट चित्रपुस्तकासाठी १९३८ पासून दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक जाणत्या मंडळींची समिती ठरविते. त्याच देशात १९४० साली सिॲटल येथील पुस्तकविक्रेते हॅरी हार्टमन यांच्या पुढाकाराने एक निराळे पारितोषिक सुरू झाले. त्याचा निकाल मुलांच्या मतांवर सोपविलेला होता. पुढे ही प्रथा अनेक राज्यांत रुजली आणि चित्रपुस्तके हाताळणाऱ्या चिमुकल्यांपर्यंत पोहोचली.

मूल भडक चित्रांना भुलेल, हा यावरील नेहमीचा आक्षेप. तथापि दोन्ही पारितोषिकांपुढील प्रश्न भिन्न आहेत. कोणते पुस्तक गौरवास पात्र आहे, हे समिती विचारते. कोणते पुन्हा हाती घ्यावेसे वाटते, हे मूल सांगते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याखेरीज कोण देणार?

या उपक्रमाचे मर्म मात्र निकालात नसून मतदानाच्या अटीत आहे. कॅलिफोर्नियात आपल्या गटातील सर्व पुस्तके वाचल्यावाचून मत देता येत नाही. इलिनॉयमध्ये बालवाडी ते तिसरीच्या मुलांसाठी असलेल्या मोनार्क पारितोषिकाच्या यादीत वीस पुस्तके असतात. त्यांपैकी निदान पाच वाचलेली वा ऐकलेली असावी लागतात. ऐकणेही ग्राह्य धरल्यामुळे अक्षरओळख न झालेले मूलही मतदार ठरते. आधी जाणून घ्यावे, मग मत द्यावे, हा लोकशाहीचा धडा त्याला पाठ्यपुस्तकाआधीच मिळतो.

येथे शिक्षकांची खरी कसोटी लागते. एक पुस्तक रंगवून वाचणारा आणि दुसरे घाईने उरकणारा शिक्षक वर्गाच्या वतीने स्वतःच मत देऊन मोकळा होतो. हात वर करून मोजणी केली, तर मुले शेजाऱ्याकडे पाहून हात उचलतात. म्हणून चिठ्ठी गुप्त असावी. लिहिता न येणाऱ्यासाठी मुखपृष्ठाच्या चित्रावर खूण पुरे. ज्याचे आवडते पुस्तक हरले, त्याला ते का आवडले, हेही आवर्जून विचारावे. बहुमताने पुस्तक निवडले जाते. पण त्यामुळे कोणाची आवड चुकीची ठरत नाही.

आपल्याकडे हे करावयाचे, तर प्रथम निवडीस वाव हवा. कपाटात एकच पुस्तक असेल, तर मत कशाला द्यावयाचे? नेहरू बाल पुस्तकालयासारख्या मालेतील एकच चित्रपुस्तक अनेक भारतीय भाषांत उपलब्ध असते. तेव्हा निरनिराळ्या भाषांतील मुलांनी तीच चित्रे पाहून आपापला कौल द्यावा, हे अशक्य नाही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. पाच-सहा चांगली पुस्तके, ती मुलांच्या हाती देण्याची तयारी आणि त्यांचा निर्णय आपल्याला न रुचला तरी तो मान्य करण्याचा प्रामाणिकपणा, एवढे पुरेसे आहे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. आणि ती आपल्यालाच शिकावयाची आहे.