लेकराला घराचे दार उघडे ठेवा



लेकरांना कसे वाढवावे, याविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही ख्रिस्ती, म्हणून आमच्या शास्त्रातले सांगू. पण माया काही एका धर्माची नसते.

नारायण शेषाद्री हे नाव जालना भागातल्या जुन्या ख्रिस्ती घरांना ठाऊक आहे. ते मूळचे ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ते ख्रिस्ती झाले. पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वस्ती वसवली. गावकुसाबाहेरच्या मांग-महार कुटुंबांना तिथे हक्काचे घर मिळाले.

त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत. वय सुमारे बारा वर्षे. तोही १८४३ साली मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. बाप कोर्टात गेला. कोर्टाने पोरगा बापाच्या हवाली केला. पण जातवाले म्हणाले, "हा मिशनऱ्यांच्या घरी जेवला. हा बाटला." बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त द्या आणि लेकराला जातीत घ्या. त्यावर मोठा वाद माजला.

मंडळी, लोक वाद घालत होते धर्माचा. बापाला मात्र आपला पोरगा घरी हवा होता. आम्ही ख्रिस्ती, तरी त्या हिंदू बापाविषयी आम्हाला आदर वाटतो.

देवाची माया अशीच आहे, असे प्रभू येशूने सांगितले. लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात ती गोष्ट आहे. एका पोराने बापाकडून वाटणी घेतली, परदेशी जाऊन सगळी उधळली. मग दुष्काळ पडला. उपाशी पोरगा डुकरे राखू लागला. शेवटी लाजत लाजत घरी निघाला. बापाने त्याला लांबूनच पाहिले. म्हातारा धावत गेला आणि त्याने पोराला पोटाशी धरले. "पैसा कुठं घातलास?" असे विचारले नाही.

आता आपल्या घरी बघा. दहावीचा निकाल लागतो. पोरगं नापास होतं. ते आधी काय म्हणतं? "बा मारील." मग ते घरी येत नाही. कोणी शहराची गाडी धरतं. कोणी जिवाचं भलतंच करून बसतं. परीक्षा पुन्हा देता येते, लेकरू पुन्हा मिळत नाही.

म्हणून चूक झालेलं लेकरू दारात आलं, की आधी पाणी द्या, भाकर द्या. जवळ बसवा. विचारपूस दुसऱ्या दिवशी करा. चारचौघांत मारू नका. "शेजारचा बघ," असे म्हणू नका. आई लेकराचे सांत्वन करते तसे देव आपले करतो, असे यशया संदेष्टा सांगतो. बापांनी मुलांना चिडीस आणू नये, असे पौलाने इफिसच्या मंडळीला लिहिले. शाळेत मुलाला मारायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी केली आहे.

कोणी म्हणेल, "अशानं पोरं बिघडतील." नाही. माया म्हणजे लाड नव्हे. चुकीला चूक म्हणायचेच. पैसे उधळले तर कामाला लावून फेडून घ्यायचे. पण हे सगळे पोटाशी धरल्यावर. भ्यालेले लेकरू खोटे बोलायला शिकते. धीर मिळालेले लेकरू खरे सांगते.

आज घरी गेल्यावर आपल्या लेकराला एवढेच सांगा, "काही झालं तरी आधी घरी ये."