उसाचं बिल कंट्रोलरमध्ये नको

आज कोडबद्दलच बोलायचंय, पण उसाच्या बिलावरून. सातारा-सांगलीकडच्यांना एफआरपी सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी, कारखान्याने उसाला द्यायचा, केंद्राने ठरवलेला किमान दर. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त, खाली तेवढेच कमी. मात्र उतारा साडेनऊ किंवा त्याहून कमी असला तरी ३२९.०५ मिळतातच. म्हणजे १२.२५ उताऱ्याला ४२४.२०, टनाला ४,२४२ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा.

हे गणित हमखास कुठं सापडतं? 'बिल दाखवा' पानाच्या कंट्रोलर मेथडमध्ये. तिथंच रिक्वेस्ट वाचली, तिथंच क्वेरी, तिथंच गुणाकार. चालतं की! मग मोबाइल ॲप येतं, रात्री बँकेला यादी पाठवणारा जॉब येतो. रात्रीच्या जॉबला कुठली रिक्वेस्ट आणि कुठलं सेशन? मग कोड कॉपी होतो. पुढच्या हंगामात दर दोन ठिकाणी बदलतो, तिसरीकडं राहतो. शेतकऱ्याच्या मोबाइलवर एक रक्कम, पासबुकात दुसरी. गावात याला कुणी 'बग' म्हणत नाही, 'काटा मारला' म्हणतात.

म्हणून गणित साध्या वेगळ्या क्लासमध्ये काढा. त्याला हंगाम, उतारा, वजन, कपात द्या, रक्कम घ्या. कंट्रोलरने लॉगिन तपासावं, इनपुट वाचावं, उत्तर दाखवावं, बास. काहीजण अख्खी रिक्वेस्टच त्या क्लासकडं पाठवतात. त्यानं नुसती फाइल बदलते. आणि गावांची यादी दाखवणाऱ्या पानासाठी एवढा खटाटोप करू नका.

तारखेचंही बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर वर्षाला १५ टक्के व्याज. व्याजाच्या फंक्शनने 'आजची तारीख' आतून काढू नये, बाहेरून घ्यावी. नाहीतर पंधराव्या दिवसाची टेस्ट चालवायला पंधरा दिवस थांबणार का? (पैशाला डबल नको, बिगडेसिमल वापरा. हे परत सांगणार नाही.)

नियम बदलतातच. २०२२ मध्ये राज्याने एफआरपी टप्प्यांत द्यायची मुभा दिली, मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. असं झालं की कोडमध्ये एकच जागा उघडावी लागली पाहिजे. दरही हंगामानुसार टेबलात ठेवा. २०२४-२५ ची थकबाकी आज काढली तरी ती ३४० च्या दरानेच निघायला हवी.