झरा खाली, पाणी वरचं
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागल्या उन्हाळ्यात तीन संशोधक आपल्या डोंगरावर दगड ठोकत फिरले. आपणच त्यांना झरे दाखवले, भाकर दिली. ते बोलले, सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे एकावर एक थर. अखंड कडक थरातून पाणी जात नाही. भेगांच्या, भोकाभोकांच्या थरात ते मुरतं, आडवं सरकतं, आणि थर जिथं उघडा पडतो तिथं झरा लागतो. म्हणजे झऱ्याला कोणी हात लावला नाही, पण वर माळावर खाण काढली, तरी झरा आटू शकतो. आपल्या म्हाताऱ्या हेच सांगत आल्या, वरचं रान राखा म्हणून. त्यांचं कोणी छापलं नाही.

त्या तिघांचा कागद अजून ग्रामसभेत आलेला नाही. हे नवीन नाही. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल २०११ ला दिला. ग्रामसभांना विचारा, असं त्यात होतं. सरकारने तोच दाबून ठेवला. माहिती अधिकारात भांडल्यावर २०१२ ला तो बाहेर आला.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ बघा. पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणून आपण ठरवलंय, सामूहिक दाव्याच्या नकाशात नुसता झरा दाखवायचा नाही, वरचा माळही धरायचा. आणि पुन्हा कोणी दगड ठोकायला आलं, तर आधी ग्रामसभेत बसून आपल्या बोलीत सांगायचं. भाकर त्यानंतर.